सुईदोऱ्याची सोबत

पांडवांना राज्याचा वाटा देण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा सुईच्या अग्रावर मावेल एवढीही भूमी देणार नाही, असे दुर्योधनाने निक्षून सांगितले. जगातील अगदी लहानात लहान माप सांगावयाचे होते, म्हणून त्याला सुईचे टोक आठवले. घरातही सुईला फारसा मान नसतो. फडताळातील एखाद्या डबीत किंवा दोऱ्याच्या रिळाला टोचलेली ती निमूटपणे पडून असते. परंतु शाळेची घंटा व्हावयाची वेळ झाली असावी आणि नेमकी सदऱ्याची गुंडी तुटावी, म्हणजे सारे घर तिच्या शोधाला लागते. नेढ्यात दोरा ओवला जातो, चार टाके पडतात, गाठ मारली जाते आणि दोरा तोडून सुई पुन्हा आपल्या जागी जाते. काम झाल्यावर तिची आठवणही कोणाला राहत नाही.

मराठीत एक म्हण आहे : आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठे कोठे लावावे? संकट फार मोठे असले, म्हणजे माणूस असे म्हणून हात टेकतो. पाऊस दगा देतो, घरातील कर्ता माणूस आजारी पडतो, परीक्षेत अपयश येते, जिवलगांचा वियोग होतो. अशा प्रसंगी काय करावे, हे शहाण्यासुरत्या माणसांनाही सुचत नाही. परंतु सुईदोरा हाती घेणाऱ्याला एक गोष्ट सवयीने ठाऊक झालेली असते. फाटलेले सर्व वस्त्र एकदम सांधता येत नाही. एका टोकापासून आरंभ करावा लागतो, आणि एका वेळी एकच टाका घालता येतो. शिवणकाम, भरतकाम आणि विणकाम हे छंद इतकी शतके माणसाच्या सोबतीला का राहिले, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे.

सुईचा इतिहास राजेरजवाड्यांच्या इतिहासाहून कितीतरी जुना आहे. शेती ठाऊक नव्हती, धातूचा शोध लागला नव्हता, अशा काळातही माणसाने हाडाच्या सुया घडविल्या होत्या. सैबेरियातील देनिसोवा नावाच्या गुहेत सापडलेल्या नेढ्याच्या सुया ४०,००० वर्षांहून जुन्या असल्याचे संशोधक मानतात. थंडीच्या कडाक्यात जनावराचे कातडे नुसते पांघरणे आणि ते अंगाबरोबर शिवून घेणे, यांत जीवनमरणाचे अंतर होते. सिंधू संस्कृतीच्या नगरांतही तांब्याच्या सुया सापडल्या आहेत. मोहेंजोदडो येथे तर कापसाच्या रंगीत कापडाचे अवशेषही मिळाले आहेत. पुढे याच सुईला संतांच्या वाणीत स्थान मिळाले. संत नामदेव हे शिंप्याच्या घरचे. गज, कात्री, सुई आणि दोरा या आपल्या घरच्या वस्तूंची उपमा देऊन त्यांनी भक्तीचे मर्म सांगितले. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात त्यांची जी पदे समाविष्ट आहेत, त्यांत हे दृष्टान्त आजही वाचावयास मिळतात.

महाराष्ट्रात सुईची सर्वांत मोठी करामत पाहावयाची असेल, तर गोधडी पाहावी. कोठे तिला वाकळ म्हणतात. ती विकत आणलेल्या नव्या कापडाची सहसा नसते. आजीचे विरलेले लुगडे, आजोबांचे जुने धोतर, मुलांचे आखूड झालेले सदरे आणि परकर, अशा टाकाऊ कापडांतून ती जन्माला येते. शेतीची कामे उरकली आणि उन्हाळ्याचे दिवस आले, की ओसरीवर किंवा अंगणातील सावलीत एखादे जुने लुगडे पसरतात. त्यावर जुन्या कापडांचे थर नीट बसवितात, वरून पुन्हा एक लुगडे घालतात, सुरकुत्या काढून कडा ताणून धरतात. मग दोघीतिघी चहूबाजूंनी बसतात आणि धावदोऱ्याचे टाके घालू लागतात. टाक्यांच्या ओळी एकीशेजारी एक अशा धावतात. थरातील कापड सरकू नये, म्हणून त्या जवळजवळ घालाव्या लागतात. काम काही दिवसांत पुरे होत नाही. हात चालत असता गप्पा चालतात, ओव्या म्हटल्या जातात, सासरमाहेरची सुखदुःखे बोलली जातात.

गोधडीची ऊब ही केवळ मायेची नसते. तिला शास्त्रीय कारणही आहे. कापडांच्या थरांमध्ये हवा कोंडून राहते. स्थिर हवेतून उष्णता सहज बाहेर जात नाही. त्यामुळे अंगाची ऊब अंगापाशीच राहते. शिवाय अनेक वेळा धुतलेले सुती कापड मऊ झालेले असते. म्हणून तान्ह्या बाळाचे दुपटे जुन्या लुगड्याचे करण्याची चाल पडली. ज्या घरात नवे पांघरूण घेण्याची ऐपत नव्हती, त्या घरातही बाळाला गरिबीची थंडी लागू नये, याची तजवीज सुईने केली. आणि एखाद्या मुलाने आपल्या गोधडीवर बोट ठेवून विचारले, तर हा तुकडा कोणाच्या लग्नातील लुगड्याचा, तो कोणाच्या सदऱ्याचा, हे घरातील वडीलधारी माणसे सांगू शकतात. घरातील जी माणसे आज हयात नाहीत, त्यांचीही आठवण त्या पांघरुणात राहते.

गोव्याच्या दक्षिणेस कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी नावाचे लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांपैकी अनेकांना पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून पश्चिम किनाऱ्यावर आणण्यात आले होते. त्यांच्यापैकी पुष्कळ लोक आज कोकणी बोलतात. या लोकांच्या स्त्रिया 'कवंदी' नावाची गोधडी शिवतात. रंगीबेरंगी तुकडे एकावर एक बसवीत त्या एका कोपऱ्यापासून आरंभ करतात आणि कडेकडेने फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची लहान फुले लावतात. या फुलांना 'फुला' असेच म्हणतात. फुलांवाचून कवंदीला ऊब कमी येते असे नव्हे. परंतु ती नसतील, तर कवंदी उघडी राहिली, अपुरी राहिली, असे त्या समजतात. ज्यांच्या पूर्वजांपासून देश, घर आणि स्वातंत्र्य हिरावून घेतले गेले, त्यांच्या लेकींनी चिंध्यांतून एवढे सुंदर वस्त्र उभे करावे आणि कोपऱ्यातील फुलांचा आग्रह सोडू नये, ही लहान गोष्ट नव्हे. पोटापुरते मिळाले, तरी माणसाला तेवढ्याने पुरत नाही. त्याला सौंदर्यही लागते.

भारताच्या निरनिराळ्या प्रांतांत सुईची अशी निरनिराळी बोली आढळते. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर शिवून 'कांथा' करतात. पूर्वी तिच्यासाठी लागणारा रंगीत दोरा जुन्या साड्यांच्या काठांतूनच काढीत. मध्यभागी कमळ, कोपऱ्यांत झाडे आणि मध्ये हत्ती, नौका, पालखी अशी चित्रे साध्या धावदोऱ्याने उमटत. पंजाबातील 'फुलकारी' जाड्याभरड्या खादीवर रेशमाने भरतात. तिचे नवल असे, की भरणारी स्त्री कापडाच्या उलट बाजूने टाके घालते. फुले उमटतात सुलट बाजूला. त्यासाठी डोळ्यांनी कापडाचे धागे मोजावे लागतात. नातीच्या लग्नासाठी आजी फुलकारी भरावयास बसे, आणि ते काम कित्येक महिने, कधी वर्षे, चाले. धारवाडकडील 'कसुती' हीही धागे मोजूनच भरतात. तिच्या काही प्रकारांत दोऱ्याला गाठ मारलेली चालत नाही, आणि भरतकाम दोन्ही बाजूंनी सारखेच दिसावे लागते. मागची बाजू कोणी पाहत नाही, म्हणून तेथे कसेही चालेल, अशी पळवाट तिला ठाऊक नाही.

सुई हा अनेकींना छंद होता. कित्येकींना तो आधार झाला. एके काळी पती निवर्तल्यावर स्त्रीच्या वाट्याला परावलंबी जिणे येत असे. शिक्षण नाही, हाती पैसा नाही, घराबाहेर पडण्याची मुभा नाही, अशी तिची स्थिती होती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ साली निवर्तले. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी आपले दुःख बाजूला ठेवून इतर स्त्रियांच्या शिक्षणास वाहून घेतले. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले, ते त्यांच्याच पुढाकाराने. तेथे लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकामाचेही शिक्षण देण्यात येई. चार बोटांत धरलेल्या सुईने त्या काळी अनेक स्त्रियांच्या हाती स्वकष्टाचा पैसा दिला. १९४७ साली देशाची फाळणी झाली, तेव्हा घरदार सोडून आलेल्या निर्वासित स्त्रियांपैकी कित्येकींनी शिवण आणि भरतकाम यांच्या बळावर आपले मोडलेले संसार पुन्हा उभे केले. यंत्रांच्या अतिरेकावर टीका करणाऱ्या महात्मा गांधींनीसुद्धा १९२४ साली शिवणाच्या यंत्राचा मात्र अपवाद केला, तो उगाच नव्हे.

सुईच्या कुळात लोकरीच्या विणकामाचा प्रवेश तसा उशिरा झाला. सुयांवर विणलेले जे जुन्यात जुने नमुने मिळाले आहेत, त्यांत ईजिप्तमधील सुती पायमोजांची गणना होते; ते सुमारे ७०० ते १,००० वर्षांपूर्वीचे आहेत. तेथून ही कला युरोपात पसरली. भारतात ती युरोपीय लोकांबरोबर आली आणि एकोणिसाव्या शतकात शाळांमधून मुलींना शिकविली जाऊ लागली. इंग्लंडमधील विल्यम ली याने १५८९ साली पायमोजे विणण्याचे यंत्र तयार केले. राणी एलिझाबेथने त्याला मक्ता दिला नाही. हाताने विणून पोट भरणाऱ्या गरिबांचे काय होईल, अशी चिंता तिला वाटली, असे सांगतात. निराश होऊन ली फ्रान्सला गेला. पण यंत्र काही थांबले नाही. आज बाजारातील बहुतेक स्वेटर आणि मोजे यंत्रावरच तयार होतात. तरीही लोकरीचा गुंडा आणि दोन सुया घेऊन माणसे विणावयास बसतातच. पूर्वी जे गरजेचे काम होते, ते आता बहुतांशी आवडीचे झाले आहे.

मागावरील कापड आणि सुयांवरील वीण यांत एक महत्त्वाचा भेद आहे. मागावर उभे आणि आडवे असे दोन प्रकारचे धागे असतात. ते एकमेकांना काटकोनात ओलांडतात. लोकरीच्या विणीत एकच धागा असतो. त्याचा एक फास घ्यावयाचा, त्यातून दुसरा फास ओढावयाचा, दुसऱ्यातून तिसरा. अशी ती साखळी चालते. प्रत्येक टाका वरच्या टाक्याने धरलेला आणि खालच्या टाक्याला धरून ठेवणारा असतो. फासांना थोडी मोकळीक असते, म्हणून स्वेटर ताणला तरी फाटत नाही आणि सोडला की पुन्हा आकसतो. विणणाऱ्याला मुख्यतः दोनच टाके शिकावे लागतात : सुलट आणि उलट. दोन सुलट, दोन उलट असे आलटून पालटून विणले, की मनगटाची घट्ट पट्टी होते. सगळ्या वेलबुट्ट्या आणि जाळ्या मूळ या दोन टाक्यांतूनच निघतात. क्रोशाच्या कामात तर दोन सुयाही लागत नाहीत. टोकाला आकडा असलेली एकच सुई साखळी आणि खांब घालीत रुमाल, टोप्या आणि तोरणे तयार करते.

या कलेत चूक लपत नाही. एखादा टाका सुईवरून गळला, तर त्याच्या खालचा फास मोकळा होतो, मग त्याच्या खालचा. पाहता पाहता विणीत शिडीसारखी फट पडते. नवशिका मुलगा किंवा मुलगी अशा वेळी घाबरून सुया फेकून देते. जाणती बाई मात्र ओढाताण करीत नाही. ती गळलेला फास क्रोशाच्या सुईत पकडते आणि शिडीची एक एक पायरी वर ओढीत तो पुन्हा सुईवर आणून ठेवते. चूक दहा ओळी मागे राहिली असेल, तर निवड करावी लागते. तसेच पुढे जावे, तर ती चूक कायमची राहते. दुरुस्त करावयाची, तर दहा ओळी उसवाव्या लागतात. उसवताना जिवावर येते. परंतु उसवल्याने लोकर नाहीशी होत नाही. धागा तोच राहतो; वाया जातो तो केवळ वेळ, आणि तोही पूर्णपणे नव्हे, कारण दुसऱ्या खेपेला हात अधिक सफाईने चालतो.

मध्यमवर्गीय घरांत लोकर अशीच पुनःपुन्हा जन्म घेत असे. मूल वाढले, स्वेटर आखूड झाला, की तो उसवून त्याच्या लडी करीत. उसवलेला धागा कुरळा झालेला असतो. तो धुऊन, ओला असतानाच वजन अडकवून वाळविला किंवा वाफेवर धरला, म्हणजे सरळ होतो. मग त्यात नव्या रंगाची थोडी लोकर घालून धाकट्या भावंडासाठी दुसरा स्वेटर विणीत. वडिलांची नोकरी गेली, घरात चणचण आली, तरी मुलांच्या अंगावर थंडीत काही तरी उबदार असे. त्या पट्ट्यापट्ट्यांच्या स्वेटरला पाहून एखादा सोबती हसतही असेल. पण त्या पट्ट्या म्हणजे घरातील एका कठीण वर्षाची नोंद होती, आणि ते वर्ष सरले याचीही.

सुईदोरा हे केवळ स्त्रियांचे काम आहे, असा समज पुष्कळांचा असतो. तो खरा नाही. शिंपी, रफू करणारे कारागीर, काश्मिरी शालींवर भरतकाम करणारे कसबी यांत पुरुषांची परंपरा फार जुनी आहे. या बाबतीत पहिल्या महायुद्धानंतरची एक हकिगत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९१४ ते १९१८ या काळात झालेल्या त्या युद्धात असंख्य सैनिक जायबंदी झाले. कोणाचा पाय गेला, कोणाचे हात थरथरू लागले, कोणाच्या मनावर तोफांच्या भडिमाराचा असा आघात झाला, की झोप लागेना. रुग्णालयातील खाटेवर महिनोन्‌महिने पडून राहणे, हे त्यांना युद्धाहून कठीण वाटू लागले. अशा सैनिकांना इंग्लंडमधील रुग्णालयांत भरतकाम शिकविण्यात आले. बंदूक धरणाऱ्या हातांनी सुई धरली. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि दक्षिण आफ्रिका येथील १३० हून अधिक जखमी सैनिकांनी निरनिराळ्या रुग्णालयांत बसून एका मोठ्या वस्त्राचे भाग भरले. ते भाग जोडून लंडनच्या सेंट पॉल्स या प्रसिद्ध चर्चमधील वेदीसाठी वस्त्र तयार झाले. १९१९ च्या जुलै महिन्यात, युद्ध संपल्याबद्दल झालेल्या प्रार्थनेच्या वेळी ते वेदीवर घालण्यात आले. युद्धाला १०० वर्षे झाली त्या निमित्ताने २०१४ साली ते लोकांना पुन्हा पाहावयास मिळाले. भरतकामाने त्या सैनिकांचे गेलेले अवयव परत आले नाहीत. पण आपल्या हातून अजून काही निर्माण होऊ शकते, हा गेलेला विश्वास मात्र परत आला.

भारतातही असा एक प्रसंग आला. १९६२ साली उत्तर सीमेवर चीनशी युद्ध झाले. हिमालयातील कडाक्याच्या थंडीत लढणाऱ्या जवानांना उबदार कपड्यांची वाण होती. ती वार्ता ऐकून देशभर स्त्रिया, विद्यार्थिनी आणि वृद्ध आज्याही विणावयास बसल्या. ज्यांनी कधी बर्फ पाहिला नव्हता, अशा गावांतील घरोघरी स्वेटर, मोजे आणि मफलर विणले जाऊ लागले. ज्याच्यासाठी विणावयाचे, त्याचे नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. मापही अंदाजानेच धरावयाचे. रणांगणावरील बातम्या चांगल्या नव्हत्या आणि घरात बसलेल्या माणसाला युद्धाचे पारडे फिरविता येणार नव्हते. पण एका जवानाच्या दोन पायांना ऊब देणे एवढे हातात होते, आणि जे हातात होते, ते त्यांनी केले.

विणताना किंवा भरताना मन शांत होते, असा अनुभव पुष्कळजण सांगतात. त्याचे कारण शोधणे अवघड नाही. हातांची हालचाल एका लयीत चालू असते. टाके मोजावे लागतात, म्हणून चित्त भरकटत नाही. आणि तासाभराने पाहावे, तो चार बोटे वीण डोळ्यांसमोर तयार असते. काळजीत घालविलेल्या तासाचे काहीच हाती लागत नाही. विणण्यात घालविलेल्या तासाचे काही तरी लागते. म्हणूनच आजारातून उठणाऱ्या माणसांना पुन्हा कामाची सवय व्हावी, बोटांत बळ यावे, म्हणून व्यवसायोपचार करणारे तज्ज्ञ अशा हस्तकलांचा उपयोग करतात. अर्थात सुई हे काही सर्व रोगांवरचे औषध नव्हे. दुखणे असेल, तर वैद्याकडेच जावे लागते. दुःख असेल, तर ते कोणाजवळ तरी बोलावे लागते. परंतु विणणाऱ्या माणसाशेजारी बसून बोलणे सोपे जाते, हेही तितकेच खरे. त्याचे डोळे हातातील कामावर असतात. ऐकणारे कान मात्र मोकळे असतात.

या छंदाला भांडवल थोडे लागते. एक सुई, एक रीळ आणि कापडाचा एक तुकडा एवढ्यावर आरंभ करता येतो. पहिल्या दिवशी गुंडी लावावयास शिकावे. मग धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका. पहिले टाके वाकडेतिकडे पडतात, बोटाला सुई टोचते, दोऱ्याचा गुंता होतो. गुंता ओढला, तर आवळतो. सैल करून एक एक पदर सोडविला, तर सुटतो. हे कोणी शब्दांत सांगून फारसे पटत नाही. बोटांना मात्र ते दोन दिवसांत समजते. मुलींप्रमाणे मुलांनीही एवढे शिकून घ्यावे. आपला फाटका सदरा आपण शिवू शकणारा मुलगा कोठेही गेला, तरी त्याचे अडत नाही.

सुखाच्या दिवसांत सुई बाळाचे टोपडे विणते, लग्नाच्या रुखवतासाठी रुमाल भरते, दारासाठी तोरण करते. वाईट दिवसांत तीच फाटलेले सांधते, उसवलेले टाके पुन्हा घालते आणि जुन्याचे नवे करते. दिवस कोणते यावेत, हे तिच्या हाती नसते; ते कोणाच्याच हाती नसते. आभाळ फाटले, तर ते शिवून काढण्याइतका दोरा कोणत्याही रिळात नाही, हेही खरे. परंतु घरात जो फाटला असेल, तो एक सदरा शिवता येतो. आणि तो शिवून झाला, की दुसरा हाती घेता येतो.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे थोडक्यात लिहा.
(अ) दुर्योधनाला सुईचे टोक का आठवले?
(आ) गोधडी उबदार असण्याचे शास्त्रीय कारण कोणते?
(इ) सिद्दी स्त्रिया कवंदीला कोपऱ्यात फुले का लावतात?
(ई) फुलकारी आणि कसुती यांच्या भरण्यात कोणते साम्य आहे?
(उ) मागावरील कापड आणि लोकरीची वीण यांत कोणता भेद आहे?

२. पाच-सहा ओळींत उत्तरे लिहा.
(अ) जखमी सैनिकांना भरतकामाचा काय उपयोग झाला?
(आ) पट्ट्यापट्ट्यांच्या स्वेटरला 'घरातील एका कठीण वर्षाची नोंद' असे का म्हटले आहे?
(इ) 'उसवल्याने लोकर नाहीशी होत नाही' या वाक्याचा तुमच्या अभ्यासाशी काय संबंध लावता येईल?

३. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
सूत जमणे, हात टेकणे, जिवावर येणे, सुतावरून स्वर्ग गाठणे, पारडे फिरणे.

४. सुईदोऱ्याशी संबंध असलेले शब्द या पाठातून शोधून लिहा. उदाहरणार्थ : नेढे, लडी, फास.

५. घरातील एखाद्या जुन्या गोधडीची, स्वेटरची किंवा रुमालाची हकिगत वडीलधाऱ्या माणसांना विचारा आणि दहा ओळींत लिहून काढा.